बिनलेबलचा ट्रान्सफॉर्मर आणि घरोघर फिरणारा ॲम्प्लिफायर : एका निवडीचा प्रकरण अभ्यास

वेंगुर्ले तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीत गणपतीच्या दिवसांत भजन घरोघर फिरतं. कधी एकाच रात्री तीन-चार घरं होतात. बुवांसमोर एक माइक, पेटीजवळ दुसरा, आणि पखवाज-टाळांच्या गजरातही बुवांचे शब्द मागच्या पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचावेत एवढीच सगळ्यांची अपेक्षा. चतुर्थीच्या दिवसांत भाड्याचा सेट मिळणं कठीण. म्हणून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या वाडीतल्या एका मुलाने दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर स्वतःच बांधायला घेतला. आवाज वाढवणाऱ्या चिपसाठी, म्हणजे आयसीसाठी, एलएम १८७५ निवडला. माहितीपत्रकातलं सर्किट जसंच्या तसं घेऊन बोर्ड तयार केला, ८ ओहमचे दोन स्पीकर जमवले, आणि मग ट्रान्सफॉर्मरपाशी अडला. हाताशी तीन होते. तिन्ही माझ्या टेबलावर मांडून म्हणाला, "काका, ह्यातलो खयचो चलतलो?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही ज्या क्रमाने शोधलं तो क्रम सविस्तर लिहून ठेवतो आहे. छंद म्हणून काही बांधणारी मुलं आयसी, कपॅसिटर, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) यांचा बारकाईने विचार करतात आणि ट्रान्सफॉर्मर मात्र दुकानदार देईल तो आणतात. बॉक्समधला सगळ्यात जड, सगळ्यात महाग आणि थेट मेन्सला, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला, जोडलेला भाग तोच.

एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटने व्होल्टेज उतरवणारा पुरवठा) का नाही, हा प्रश्न मुलानेही विचारला होता आणि तो रास्त आहे. पण दुहेरी व्होल्टेज देणारा चांगला एसएमपीएस आमच्या बाजारात सहज मिळत नाही, आणि खारट दमट हवेत त्याच्या बोर्डावर जे साचतं ते साफ करणारा माणूस तर त्याहून दुर्मीळ. लोखंड-तांब्याचा ट्रान्सफॉर्मर कुडाळला मोटारी रिवाइंड करणारा माणूससुद्धा उघडून दुरुस्त करू शकतो. वाडीसाठी बांधलेली वस्तू वाडीच्या आसपास दुरुस्त व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मेन्सची दोन टोकं

सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून न करता मेन्सपासून केली. ॲम्प्लिफायर एका जागी राहणार असता तर एका घराचं व्होल्टेज पाहून भागलं असतं. हा फिरणार होता. मुलाला मल्टिमीटर देऊन सांगितलं, वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वेळी मोज आणि वहीत लिही. डीपीला (वाडीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला) लागून असलेल्या घरात मध्यरात्रीनंतर आकडा २५६ व्होल्टपर्यंत गेला. खाडीच्या बाजूच्या शेवटच्या घरात, ऐन आरतीच्या वेळी, सगळीकडे पंखे, पंप आणि माटवीचे दिवे चालू असताना, तो १८८ वर उतरला. कागदावर मेन्स २३०. प्रत्यक्षात आम्हाला १८८ ते २५६ या पट्ट्यात जगणारा ट्रान्सफॉर्मर हवा होता.

आता आयसीकडे पाहू. एलएम १८७५ ला दोन्ही पुरवठे मिळून जास्तीत जास्त ६० व्होल्ट चालतात, म्हणजे अधिक-उणे ३० (एक बाजू धन ३०, दुसरी ऋण ३०). माहितीपत्रक सांगतं की अधिक-उणे २५ व्होल्टवर तो २० वॉट देतो आणि ८ ओहमच्या स्पीकरला अधिक-उणे ३० वर ३० वॉटपेक्षा जास्त. हे वाचलं की हात आपोआप मोठ्या आकड्याकडे जातो. पण ३० हा आकडा काठाचा आहे. तिथून पुढे आयसीच्या सुरक्षिततेची हमी कुणी घेत नाही.

आणि ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं व्होल्टेज हे पूर्ण लोडचं असतं. लोड नसताना तोच ट्रान्सफॉर्मर जास्त व्होल्टेज देतो. ५०-६० व्हीएच्या (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद) चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा फरक साधारण १० टक्के, लहान किंवा हलक्या मालात २० टक्के आणि त्याहूनही अधिक. भजनात दोन गजरांच्या मध्ये बुवा चहा घेतात, माइक शांत असतो, आयसी प्रत्येकी जेमतेम ७० मिलिअँपिअर घेत असतात. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जवळजवळ रिकामा. रात्री उशिरा, डीपीजवळच्या घरात, चहाच्या वेळी: आयसीला खरा धोका तेव्हा असतो.

बाजारात या आयसीसाठी सर्रास १८-०-१८ (मधल्या तारेपासून दोन्ही टोकांना १८-१८ व्होल्ट एसी देणारा) सुचवला जातो. तो अगदी प्रामाणिक बनावटीचा आहे असं धरू. रिकामा असताना १८ चे १९.८ होतात. मेन्स २५६ असेल तर १९.८ × २५६ ÷ २३० म्हणजे २२. शिखर, म्हणजे एसीच्या लाटेचा सगळ्यात वरचा आकडा, काढायला १.४१४ ने गुणलं की ३१.२, आणि एसीचं डीसी करणाऱ्या डायोडचे ०.७ वजा केले की ३०.५ व्होल्ट. मर्यादा ओलांडली. हेच गणित १५-०-१५ साठी केलं तर रिकाम्याला १६.५, मेन्स २५६ वर १८.४, शिखर २६, डायोडनंतर २५.३. पावणेपाच व्होल्टची जागा शिल्लक.

मुलाचा लगेच प्रश्न आला, मग शेवटच्या घरात आवाज कमी नाही पडणार? पडेल, पण किती ते मोजू. मेन्स १८८, लोड पूर्ण. १५ चे होतात १२.३, शिखर १७.३, लोडखाली डायोडचा १ व्होल्ट जाऊन १६.३. प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. पूर्ण-तरंग रेक्टिफायरमध्ये तो सेकंदाला १०० वेळा भरतो. १ अँपिअर ओढला तर दोन भरण्यांच्या मध्ये व्होल्टेज १ ÷ (१०० × ०.००४७), म्हणजे साधारण २.१ व्होल्टने खाली येतं. उरले १४.२. आयसीला स्वतःसाठी तीनेक व्होल्ट लागतात, म्हणजे स्पीकरला ११.२ चं शिखर. वर्ग करून १६ ने (८ ओहमच्या दुपटीने) भागलं की ८ वॉटच्या जरा खाली. १८-०-१८ असता तर याच घरात १३ वॉटच्या आसपास मिळाले असते. आठ आणि तेरा, ऐकायला मोठा फरक. डेसिबलमध्ये तो अडीचसुद्धा भरत नाही. टाळांच्या गजरात अडीच डेसिबल कुणाच्या कानाला जाणवतील, तेही मुश्किलीने. त्यापेक्षा तीन-चार डेसिबल जास्त संवेदनशील स्पीकर निवडला तर त्याच वॉटमध्ये आवाज कितीतरी भरतो.

दुसरा फायदा उष्णतेचा. अशा ॲम्प्लिफायरमधल्या आयसीत जास्तीत जास्त किती उष्णता होते ते एकूण पुरवठ्याच्या वर्गावर ठरतं. ८ ओहमला एकूण ५० व्होल्टवर ती आयसीमागे सुमारे १९ वॉट येते, ४० व्होल्टवर १३ च्या आसपास. भाद्रपदातल्या दमट रात्री, माणसांनी भरलेल्या माजघरात, बंद पत्र्याच्या बॉक्ससाठी सहा वॉट कमी म्हणजे हीटसिंक बराच लहान.

तेव्हा पहिली गोष्ट ठरली. हवा १५-०-१५. वरची मर्यादा मेन्सच्या सगळ्यात चढ्या आकड्याने ठरवायची आणि वॉट जे मिळतील ते घ्यायचे. मी हा क्रम कधीच उलटा करत नाही.

किती अँपिअरचा? २३० च्या मेन्सवर १५-०-१५ मधून प्रत्येक चॅनेलला साधारण १५ वॉट मिळतात. तेव्हा स्पीकरमधला शिखर-प्रवाह १.९४ अँपिअर. तो अर्धा वेळ धन बाजूने आणि अर्धा वेळ ऋण बाजूने येतो, त्यामुळे एका बाजूची सरासरी त्याला ३.१४ ने (पाय या गणिती आकड्याने) भागून ०.६२. आयसीचा स्वतःचा खर्च धरून ०.६९, दोन चॅनेलचे १.३८. कपॅसिटर भरताना प्रवाह ठोक्याठोक्याने येतो, म्हणून वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) हा आकडा १.६ पटीने तरी धरावा लागतो: २.२ अँपिअर. पण हे दोन्ही चॅनेल सतत पूर्ण ताकदीने एकच सूर वाजवत राहिले तर. गाणं आणि पेटी यांची सरासरी त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमीच भरते. ३० व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे ६० व्हीए पुरेसे.

टेबलावरचे तीन

पहिला जुन्या संगणकाच्या यूपीएसमधला. सगळ्यात जड, म्हणून मुलाचा जीव त्याच्यावर. कमी व्होल्टेजची बाजू मोजली तर ९-०-९. त्यातून धड १२ व्होल्टही मिळत नाहीत. शिवाय हे ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांच्या कामासाठी बांधलेले असतात. कोअर, म्हणजे आतला लोखंडी पत्र्यांचा गाभा, काठापर्यंत ताणलेला, रिकामा ठेवला तरी तापतो. बाजूला ठेवला.

दुसरा नवा, बाजारातून आणलेला, कागदावर १८-०-१८, ३ अँपिअर. म्हणजे १०८ व्हीए. तो हातात घेतल्यावरच शंका आली, कारण ट्रान्सफॉर्मरची ताकद कोअरच्या आडव्या छेदात असते. मधल्या पायाची रुंदी आणि पत्र्यांच्या थराची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणा, पत्र्यांमधल्या फटींसाठी पाच टक्के कमी करा. आलेल्या क्षेत्रफळाला १.१५ ने भागून वर्ग केला की साधारण व्हीए मिळतात. इथे पाय २.५, थर २.५. क्षेत्रफळ सहाच्या खाली, म्हणजे २६-२७ व्हीएचा माल. १०८ चा कागद डकवून विकलेला. रिकामा असताना त्याने १८ ऐवजी २०.६ व्होल्ट दिले, यावरूनही तारेची कंजुषी कळते. तारेचं टोक पात्याने खरवडलं तर आतून पांढरं निघालं, ॲल्युमिनिअम. समुद्राच्या हवेत ॲल्युमिनिअमचे जोड टिकत नाहीत. हिरवट गंज चढलेलं तांबं तरी परत साफ करून डाग देता येतो.

तिसरा भंगारातल्या एका जुन्या डेक-ॲम्प्लिफायरमधून काढलेला. लेबल नाही, तारांचे रंग उडालेले, पत्र्यांच्या कडांना गंज. एका बाजूला दोन तारा, दुसऱ्या बाजूला तीन जाड आणि दोन बारीक. मुलाने तो जवळजवळ टाकलाच होता. मला मात्र त्याचा आकार बोलका वाटला. मधला पाय २.८, थर ३.४, फटी वजा करून ९ चौरस सेंटिमीटर. ९ ला १.१५ ने भागून वर्ग केला की ६१. आपल्याला हवे होते ६०.

बिनलेबलची ओळख

आकार जुळला म्हणजे ट्रान्सफॉर्मर जुळला असं नाही. प्रायमरी (मेन्सकडचं वाइंडिंग) कोणती, ती २३० ची की परदेशी सेटमधली ११० ची, सेकंडरी (ॲम्प्लिफायरकडचं वाइंडिंग) किती व्होल्टची, तार किती अँपिअरची, आणि आतलं इन्सुलेशन शाबूत आहे का, एवढं सगळं मेन्सला लावण्याआधी कळायला हवं. रंगांवर विसंबू नये. आपल्याकडे रंगांचा एकच नियम कुणी पाळत नाही आणि खाऱ्या हवेने उडालेला लाल आणि केशरी सारखेच दिसतात.

आधी ओहम. दोन तारांच्या बाजूला ३१ ओहम. तीन जाड तारांत मधल्यापासून दोन्ही टोकांना सारखाच, एक ओहमच्या आत. बारीक जोडीला एक ओहमच्या थोडं वर. एका बाजूचा दुसऱ्या बाजूशी संबंध नाही, कोअरशीही नाही. जास्त ओहमची ती प्रायमरी, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

एक ओहमच्या आतलं मोजमाप साध्या मल्टिमीटरवर भरवशाचं नसतं, कारण त्याच्या मोजायच्या तारांचाच रोध तीनेक दशांश ओहम असतो. त्यासाठी १२ व्होल्टची बॅटरी आणि दुचाकीचा १० वॉटचा इंडिकेटर बल्ब वाइंडिंगबरोबर एका साखळीत जोडला. प्रवाह मोजला, ०.८ अँपिअरच्या आसपास, आणि वाइंडिंगच्या दोन टोकांवर थेट किती मिलिव्होल्ट पडतात ते पाहिलं. भागाकार केला तर अर्ध्या सेकंडरीचे ०.४ ओहम, पूर्ण सेकंडरीचे ०.८. इथे एक सावधगिरी हवीच. बॅटरी तोडताना कोअरमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि प्रायमरीच्या टोकांवर क्षणभर जबरदस्त व्होल्टेज येतं. त्या टोकांना टेप लावून ठेवायची, हात दूर.

मग कमी व्होल्टेजची चाचणी. ओळखीच्या एका छोट्या १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरच्या अर्ध्या बाजूतून १३.० व्होल्ट एसी घेतले आणि ३१ ओहमच्या जोडीला दिले. जाड तारांच्या बाहेरच्या टोकांवर १.८७ व्होल्ट आले, मधल्यापासून दोन्हीकडे जवळजवळ निम्मे-निम्मे. बारीक जोडीवर ०.३७. म्हणजे प्रायमरीला २३० दिले तर बाहेरून बाहेर ३३ व्होल्ट, १६.५-०-१६.५, आणि बारीक जोडीला साडेसहा. रिकाम्या १५-०-१५ चा जो आकडा आम्ही कागदावर काढला होता, तोच. मुलाचा चेहरा उजळला. पण तेरा व्होल्ट चुकून सेकंडरीला लागले असते तर प्रायमरीवर नव्वद व्होल्ट उभे राहिले असते, हे त्याला तिथेच सांगितलं. अनोळखी ट्रान्सफॉर्मरचं प्रत्येक टोक या चाचणीत जिवंत समजायचं.

एक गाठ अजून सुटायची होती. हे ३३ व्होल्ट प्रायमरीला २३० दिल्यावर येतील, पण ती २३० साठीच गुंडाळलेली आहे कशावरून? ११० ची असेल तर २३० देताच कोअर चुंबकत्वाने तुडुंब भरेल, प्रवाह उसळेल आणि वाइंडिंग जळेल. त्याचं उत्तर मेन्स न लावता काढण्याची एक पद्धत आहे आणि माझी ती सगळ्यात आवडती. बॉबिन (ज्यावर तार गुंडाळतात ते रीळ) आणि पत्र्यांच्या मधल्या फटीतून बारीक प्लॅस्टिकच्या तारेचे दहा वेढे ओवले. प्रायमरीला तेच १३ व्होल्ट. दहा वेढ्यांवर आले ११३ मिलिव्होल्ट. तेरा व्होल्टला किती वेढे हा साधा त्रैराशिक: १३ × १० ÷ ०.११३, म्हणजे ११५० वेढे. ५० हर्ट्झला आणि कोअरमधलं चुंबकत्व १ टेस्लावर ठेवायचं तर दर व्होल्टला ४५ भागिले क्षेत्रफळ एवढे वेढे लागतात. आपलं क्षेत्रफळ ९, म्हणजे दर व्होल्टला ५. ११५० ला ५ ने भागा. २३०!

या भागाकारात कुठलाही योगायोग नाही. ज्या कारागिराने तो कधीतरी गुंडाळला, त्याने हेच गणित करून वेढे मोजले असणार, आणि आपण फक्त उलट बाजूने त्याच्यापर्यंत पोहोचलो. ११० ची प्रायमरी असती तर वेढे साडेपाचशेच्या आसपास निघाले असते, लगेच कळलं असतं. कुणी कोअर जरा जास्त ताणून १.२ टेस्लापर्यंत नेतो, तेव्हा आकडा थोडा हलतो, पण ११० आणि २३० यांत गफलत होण्याइतका कधीच नाही.

तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजली. इनॅमल वगळून साधारण ०.९ मिलिमीटर, म्हणजे २० गेज. छेद ०.६५ चौरस मिलिमीटर. बंद ट्रान्सफॉर्मरमध्ये दर चौरस मिलिमीटरला ३ अँपिअर धरतात, त्या हिशेबाने २ अँपिअर. कोअर ६० व्हीए म्हणाला होता, तार ३० व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणाली. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की मी निर्धास्त होतो. रोधावरूनही ताळा लागतो: प्रायमरीचे ३१ ओहम सेकंडरीकडे आणले तर ०.६४, त्यात सेकंडरीचे ०.८ मिळवून १.४४. दोन अँपिअरला २.९ व्होल्टची घट, ३३ चे ३०. पूर्ण लोडला १५-०-१५.

ओल

एवढं जुळूनही ट्रान्सफॉर्मर मेन्सला लावला नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि हा डबा कुणाच्या पडवीत किती पावसाळे उघडा पडला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. कागद आणि कापडी फीत ओल शोषतात, त्यात मीठ असेल तर ती ओल वीज वाहते. मल्टिमीटर हे दाखवत नाही, कारण तो काही व्होल्टवरच मोजतो. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे चढ्या व्होल्टेजवर इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर, लागतो. आमच्याकडे तो मोटार-रिवाइंडिंगवाल्यांकडेच असतो, आणि ते आनंदाने मोजूनही देतात. प्रायमरी ते कोअर आकडा आला ०.८ मेगओहम. अशा ट्रान्सफॉर्मरच्या बॉक्सला ओल्या खळ्यात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने हात लावावा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

तो फेकला मात्र नाही. गंज ब्रशने काढला, पत्र्याच्या मोठ्या डब्यात ६० वॉटच्या बल्बबरोबर ठेवला, झाकणाला वाफ जायला फट. मंद, सलग ऊब द्यायची. घाईने भट्टीसारखं तापवलं तर इनॅमल तडकतं. मधूनमधून मेगर लावत राहिलो. आधी आकडा उलट खाली गेला, कारण आतली ओल वर येत होती, आणि मग चढत चढत २०० मेगओहमच्या पुढे जाऊन स्थिरावला. मी २० च्या खालचा ट्रान्सफॉर्मर मेन्सला लावत नाही. गरम असतानाच इन्सुलेशनच्या वॉर्निशमध्ये बुडवून निथळवला. किनाऱ्यावर हे न करता नुसता सुकवून ठेवला तर एका पावसाळी आठवड्यात ओल पुन्हा आत शिरते.

मग पहिल्यांदा मेन्स, तेही ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून. बल्ब पेटला नाही आणि प्रायमरीवर जवळजवळ पूर्ण मेन्स आलं. निरोगी वाइंडिंगची हीच खूण. आत वेढे शॉर्ट असते तर बल्ब लख्ख पेटून त्याने आपल्याला वाचवलं असतं.

लोडसाठी १२ व्होल्ट, २१ वॉटचे तीन बल्ब एकापुढे एक जोडून बाहेरच्या दोन टोकांना लावले. १.६ अँपिअर ओढले गेले, व्होल्टेज ३०.७. दुपारभर चालू ठेवून मेन्स काढलं आणि लगेच प्रायमरीचा रोध मोजला. २९ अंशांना ३१.० होता, तो ३५.९ झाला होता. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो: दोन रोधांचं गुणोत्तर म्हणजे २३४.५ अधिक तापमान, या दोन बेरजांचं गुणोत्तर. त्यावरून आतलं तापमान ७० अंशांच्या आसपास, वाढ ४१-४२ अंशांची. बाहेरून हात लावून अंदाज करण्यापेक्षा हे शंभर पटीने खरं, कारण ते थेट वाइंडिंगच्या पोटातलं तापमान आहे. जुन्या कागदी इन्सुलेशनची मर्यादा १०५ धरली तरी बंद बॉक्ससाठी भरपूर जागा उरते.

बॉक्समध्ये बसवताना मधली जाड तार कॉमनला, बाहेरच्या दोन ब्रिजला, दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे कपॅसिटर. बारीक जोडीवर नुसता एलईडी. प्रायमरीत अर्ध्या अँपिअरचा संथ वितळणारा फ्यूज. कोअर आणि पत्र्याचा बॉक्स अर्थला, आणि तीन पिनांचाच प्लग. भजनाच्या घाईत तिसरी पिन काढून टाकण्याची सवय अनेकांना असते. मुलाला बजावून सांगितलं की ज्या घरात अर्थ नाही तिथे बॉक्स लावायचा नाही, आणि एक्स्टेन्शन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवूनच तो न्यायचा. याला बुवांनीही दुजोरा दिला.

डीपीजवळच्या घरात रात्री पुरवठा मोजला तेव्हा अधिक-उणे २५.१ भरले. शेवटच्या घरात आरतीला आवाज पडवीच्या बाहेर अंगणापर्यंत गेला.

त्यानंतर शेजारच्या वाडीने तसाच बॉक्स मागितला. त्यांचे स्पीकर ४ ओहमचे आहेत, म्हणून तोच ट्रान्सफॉर्मर तिथे सांगता येत नाही. १५-०-१५ वर ४ ओहमला शिखर-प्रवाह ४ अँपिअरपाशी जातो आणि एलएम १८७५ ची स्वतःची प्रवाह-मर्यादा तिथेच सुरू होते, उष्णताही जवळपास दुप्पट. त्यांच्यासाठी मुलाने स्वतः गणित मांडलं: १२-०-१२, ४ अँपिअर, ९६ व्हीए, म्हणजे कोअर सव्वाअकरा चौरस सेंटिमीटरच्या आसपास हवा. आता तो कुडाळच्या बाजारात व्हर्निअर घेऊन जातो, आणि दुकानदाराला अँपिअर विचारण्याआधी मधल्या पायाची रुंदी मोजतो.